रिस्टोअर केलेली एमजीबी घेताय? आधी पत्रा बघा, मग रंग

इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला दर उन्हाळ्यात विचारतंच, ताई एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार घ्यायचीय, जाहिरातीत एमजीबी बघितलीय, पूर्ण रिस्टोअर केलेली, लाल रंग, तारांची चाकं, फोटो बघून जीव अडकलाय, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. ज्यांनी आयुष्यात जुनी गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे हे, ज्यांना येतं त्यांनी सोडून द्या.

आधी माझी गोष्ट, कारण त्यातूनच सगळं शिकले. माझे बाबा इचलकरंजीत डेंटिंग-पेंटिंगचं काम करायचे, त्यामुळे लांबी (पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी), पॉलिश पेपर, गॅस वेल्डिंग हे सगळं लहानपणापासून बघितलेलं, आणि तरीही पहिली एमजीबी घेताना मी चकाकीला भुलले. दुसऱ्या हिवाळ्यात दाराखालच्या पत्र्याला बारीक फोड आले, गॅरेजवाल्याने ग्राइंडर लावला तर नव्या पत्र्याच्या आत जुना गंजलेला पत्रा तसाच, वरून फक्त झाकण वेल्ड केलेलं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, घेताना ठोकून बघितलं नव्हतंस का?" नव्हतं बघितलं. दुरुस्तीला जो खर्च आला त्यात एक बरी दुसरी गाडी आली असती.

तर एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही इंजिन विकत घेत नाही, रंग तर नाहीच नाही, तुम्ही पत्रा विकत घेताय. बाकी सगळं एमजीबीत बदलता येतं आणि परवडतं.

ही गाडी आहे तरी काय

भारतात एमजी म्हटलं की आता हेक्टर आठवते, पण मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डची मॉरिस गॅरेजेस, त्यावरून एम आणि जी. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, सगळ्या मिळून पाच लाखांच्या वर, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं साधं लोखंडी इंजिन, सुरुवातीला साधारण ९५ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. आजच्या हिशोबाने वेगवान वगैरे काही नाही, पण कमरेएवढ्या उंचीच्या गाडीत टप उघडा ठेवून गावातल्या वळणाच्या रस्त्याने पन्नास मैलांच्या स्पीडला जे सुख मिळतं ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालं नाही. नवशिक्यांना मी हीच सुचवते त्याचं कारण मात्र वेगळंय, हिचा जवळपास प्रत्येक पार्ट आजही नवा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर १९८८ पासून हिची अख्खी नवी बॉडी बनवून विकते, तीही पत्रा दाबून आकार द्यायचे मूळचे साचे वापरून.

कुठली घ्यायची ते घरी बसूनच ठरवा

दोन प्रकार, उघड्या टपाची रोडस्टर आणि १९६५ मध्ये आलेली पक्क्या छपराची जीटी. जीटीला मागे वर उघडणारी डिकी आहे, मागची सीट नावापुरती, पण सामान छान बसतं, पावसात कोरडं राहता येतं, आणि तशाच कंडिशनच्या रोडस्टरपेक्षा साधारण स्वस्त पडते. पहिलीच गाडी असेल आणि इंग्लंडच्या हवेत खरंच चालवायची असेल तर माझं मत जीटीला.

दुसरा फरक बंपरचा. १९७४ च्या शेवटापर्यंत क्रोमचे बंपर, त्यानंतर अमेरिकेतल्या नियमांमुळे मोठे काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उंच केली, त्यामुळे वळणावर जरा जास्त कलते. लोक क्रोमवाल्या गाडीला जास्त पैसे देतात, दिसतेच देखणी. पण बजेट बेताचं असेल तर उत्तम पत्र्याची रबर बंपरवाली ही मध्यम पत्र्याच्या क्रोमवालीपेक्षा कधीही चांगली, यात मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

सुरुवातीच्या गाड्यांच्या क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीन बेअरिंग होती, १९६४ च्या शेवटाकडे पाच झाली, ते इंजिन जास्त दमदार. १९६७ च्या शेवटी पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर न घासता पडावा म्हणून असतो तो) आला, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, आणि बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थ असायची, म्हणजे बॉडीला जोडलेली, त्याऐवजी निगेटिव्ह झाली. त्याआधीच्या गाडीत आजचा रेडिओ किंवा मोबाईल चार्जर लावायच्या आधी अर्थ कुठला आहे ते बघा, नाहीतर जळेल. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेला वरचा जादा टप्पा, असेल तर उत्तमच, हायवेला इंजिनचे फेरे कमी होतात, आवाज कमी, पेट्रोल कमी. १९७५ पासून ब्रिटनमधल्या गाड्यांना तो कंपनीकडूनच यायचा, आधी जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागायचा, त्यामुळे आहे का ते विचारा.

फोनवरच निम्म्या गाड्या गळतात

"रिस्टोअर्ड" या शब्दाला काही मोजमाप नाही. कोणी बॉडी पार उघडी करून प्रत्येक सांधा नव्याने वेल्ड करतो तो रिस्टोअर्ड म्हणतो, कोणी नुसता स्प्रे मारून नवे सीट कव्हर घालतो तोही तेच म्हणतो. म्हणून फोनवर हे विचारा: काम कोणत्या साली झालं, पत्र्याचं काम कोणी केलं, सिलचे, म्हणजे दाराखालच्या उंबरठ्याच्या पत्र्याचे, तिन्ही थर बदलले की फक्त बाहेरचा, काम चालू असतानाचे फोटो आहेत का, आणि काम झाल्यावर गाडी किती मैल चालली.

फोटोंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याने मनापासून काम केलं किंवा करून घेतलं त्याच्याकडे फोटोंचा ढीग असतो, आणि तो तुम्ही थांबवेपर्यंत दाखवत राहतो. सिल कापलेले असतानाचा फोटो मागा. त्यात दाराच्या चौकटीत आडवी नळी किंवा अँगल वेल्ड केलेला दिसला पाहिजे, कारण आधार न देता रोडस्टरचे सिल कापले तर बॉडी मधोमध खचते आणि तशीच खचलेली नव्या सिलमध्ये वेल्ड होते, मग ती कधीच सरळ होत नाही. फोटो नाहीत, हरवले, जुन्या फोनमध्ये राहिले असं ऐकलं तर गाडी रिस्टोअर झालेलीच नाही असं धरून किंमत करा.

मैलांचं का विचारायचं, तर काम करून नुसती गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी खरंतर अर्धवट असते. ब्रेकची सिलिंडरं चिकटतात, पेट्रोल शिळं होतं, रबरी सील वाळतात. काम झाल्यावर दोन-तीन हजार मैल फिरलेल्या गाडीतल्या बारीकसारीक तक्रारी आधीच्या मालकाने निस्तरलेल्या असतात.

शेवटी एक विनंती करा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. आणि जाल तेव्हा पहिला हात बोनेटवर ठेवा, गरम लागलं तर का चालू केलं ते विचारा.

कागद

गाडीचं लॉगबुक म्हणजे व्ही-५-सी, ते मूळ प्रत बघा, झेरॉक्स नाही. त्यावर ज्याचं नाव तो नोंदलेला कीपर, म्हणजे गाडी सांभाळणारा, पण ते मालकीचा पुरावा नसतं, म्हणून खरेदीची जुनी बिलं बघा आणि गाडीवर कर्ज शिल्लक आहे का त्याचा ऑनलाइन रिपोर्ट काढा, थोडक्या पैशात होतं ते. बोनेटखालच्या प्लेटवरचा चासी नंबर लॉगबुकशी जुळवा. नंबर जीएचएन ने सुरू होत असेल तर रोडस्टर, जीएचडी असेल तर जीटी. पुढचा आकडा ३ असेल तर १९६७ पर्यंतची, ४ असेल तर त्यानंतरची, आणि ५ म्हणजे १९६९ च्या शेवटापासूनची. त्यापुढे एल किंवा यू अक्षर दिसलं तर गाडी मूळची डावीकडे स्टेअरिंग असलेली, बहुतेक अमेरिकेतून परत आणलेली. त्यात वाईट काही नाही, कोरड्या राज्यातून आलेल्या गाडीचा पत्रा इथल्या गाडीपेक्षा चांगला निघतो, फक्त स्टेअरिंग उजवीकडे घेताना काम नीट केलंय का ते तपासा, आणि विकणाऱ्याने ही गोष्ट आपणहून सांगितली होती का तेही लक्षात ठेवा.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत, तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळचा रंग काय, इंजिन नंबर काय, सगळं कळतं. मालकाकडे असेल तर बघायला मागा.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ब्रिटनमध्ये रोड टॅक्स शून्य, आणि २०१८ पासून गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची टेस्टही सक्तीची नाही. पण म्हणूनच मी सांगते, एमओटी करून घेतलेली गाडी पसंत करा. जुने एमओटी निकाल सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की फुकट दिसतात, त्यात "सिलजवळ गंज" असा शेरा कुठल्या साली आला आणि पुढच्या साली कसा गायब झाला ते वाचा, मग त्या सालचं वेल्डिंगचं बिल मागा.

आता पत्रा, इथे घाई करू नका

कोरड्या दिवशी, भर उजेडात जा. ओल्या गाडीवर सगळे रंग सुंदर दिसतात. सोबत पातळ कापडात गुंडाळलेलं फ्रिजचं मॅग्नेट, टॉर्च आणि खाली झोपायला जुनी सतरंजी घ्या.

एमजीबीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. आणि रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढचं आणि मागचं धड जोडून ठेवायचं काम दाराखालचे दोन सिल करतात. सिल म्हणजे गाडीचा उंबरठा म्हणा, आत बसताना आपण ज्यावरून पाय टाकतो तो. त्यात बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा असे थर असतात, आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची पट्टी, तिला कॅसल रेल म्हणतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डाच्या आत मागच्या बाजूला साठतो, ओला राहतो, आणि आतून खायला लागतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला थर गेलेला असतो.

आता बघायचं असं. आधी गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहून दाराच्या फटी बघा. पुढची फट आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. वर मिटलेली आणि खाली उघडी दिसली तर बॉडी खचलीय. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी मूळच्या जॅकच्या जागेवर एका बाजूने उचलायला सांगा आणि दार उघडून लावून बघा. चांगल्या गाडीत काहीच फरक पडत नाही. दार अडकलं, घासलं, फट बदलली तर नमस्कार करून घरी या. मालकच उचलायला नको म्हणाला, तर त्यातच काय ते कळलं.

मग पुढच्या मडगार्डाचं खालचं टोक बघा, जिथे ते सिलला भेटतं. तिथे सांध्याची रेघ दिसली पाहिजे, कारखान्यातून ती तशीच यायची. सगळं गुळगुळीत सलग दिसत असेल तर सांधा लांबीने भरलाय किंवा वरून झाकणाचा सिल मारलाय, माझ्या गाडीत हेच होतं आणि मला तो गुळगुळीतपणा चांगल्या कामाचं लक्षण वाटला होता. खाली झोपून टॉर्चने कॅसल रेलचा आकार बघा, कोपरे स्वच्छ, वेल्डिंग सरळ रेषेत पाहिजे. जाड काळ्या डांबरी रंगाचा ताजा थर खालून सगळीकडे फासलेला असेल तर तो काय लपवण्यासाठी मारलाय ते विचारा.

मॅग्नेट सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, मडगार्डाच्या वरच्या कडेवर आणि दाराच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे पकड ढिली होईल तिथे खाली लांबी आहे. बोनेटला चिकटलं नाही तर घाबरू नका, साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं. आणि मॅग्नेट नसेल तर बाबांची पद्धत, बोटाच्या पेराने ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, लांबीवर बद्द आवाज येतो. एकदा चांगल्या जागी आणि एकदा संशयाच्या जागी ठोकलं की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही फरक कळतो.

दारांवर त्रिकोणी काचेच्या मुळाशी बारीक उभी भेग शोधा, हा एमजीबीचा जुना आजार, नुसत्या लांबीने भरला तर परत येतो. सीटच्या मागे गालिचा उचला, १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे डबे आहेत, ॲसिड आणि पाण्याने ते सडतात. त्याच्याच आजूबाजूला मागच्या पाट्यांचं पुढचं टोक बॉडीला जोडलेलं असतं, तिथला पत्रा मऊ झाला असेल तर गाडी चालवणंच धोक्याचं आहे. डिकीचा तळ, पाय ठेवायच्या जागेचा तळ, गालिचाखाली ओल, हे पटापट बघून घ्या.

इंजिन आणि चाचणी

हे थोडक्यात, कारण यातलं काहीच पत्र्याइतकं महाग नाही. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक येईल आणि हळूहळू थांबेल, तसंच पाहिजे. चोक ओढून थंड इंजिन सहज चालू व्हायला हवं. वरून टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) थोडा टकटकाट चालतो, खालून जड गडगड आली तर बेअरिंग. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर चालताना ५० ते ७० आणि उभ्या जागी साधारण १५ ते २५ पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थोडी ऑइल गळती धरूनच चाला, डबकं नको. दोन एसयू कार्बोरेटर मूळचे, अमेरिकेतल्या नंतरच्या गाड्यांना एकच यायचा.

चाचणीला किमान अर्धा तास मागा. दुसऱ्या गिअरला घासतंय का, ओव्हरड्राइव्ह लगेच लागतो आणि सुटतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. बऱ्याच गाड्यांना सर्वो (ब्रेकला जोर देणारी मदत) नसतो, पाय जोरात दाबावा लागतो, तो बिघाड नाही. तारांची चाकं असतील तर निघताना आणि थांबताना कट्ट असा आवाज ऐका, चाकाच्या आतले दाते झिजलेले असू शकतात, आणि एक चाक काढून ते दाते टोकदार झालेत का तेही बघा. तारांवर नखाने वाजवा, सायकलच्या चाकाला करतो तसं, ढिली तार वेगळी वाजते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि साल, रिस्टोअर केलेल्या गाड्यांवर खाचा नव्यासारख्या पण वय दहाच्या वर असे टायर फार दिसतात. ते लगेच बदलायचे, आणि किमतीतून वजा करायचे.

पैशाचं बोलणं

रिस्टोरेशनला मालकाचे किती गेले हा तुमच्या किमतीचा आधार नाही, बहुतेकांचे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त गेलेले असतात. नुसती नवी हेरिटेज बॉडीच दहा हजार पौंडांच्या वर जाते, रंग आणि मजुरी वेगळी. म्हणूनच मी सांगते की अर्धवट गाडी घेऊन करून घेण्यापेक्षा दुसऱ्याने नीट करून झालेली घ्या, पैशात तुम्ही पुढेच राहता. आणि ज्याने इतकं केलंय त्याच्याशी आदराने बोला, चुका दाखवून किंमत पाडायला गेलात तर चांगली गाडी हातची जाते.

खासगी माणसाकडून घेतली तर जशी आहे तशी, नंतर तक्रारीला फार जागा नाही. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळतं, किंमत थोडी जास्त असते. लिलावात बोलीवर वेगळं कमिशन पडतं आणि चालवून बघता येत नाही, पहिल्या गाडीला मी लिलाव टाळायला सांगते. निघण्याआधी इन्शुरन्स घ्या, क्लासिक पॉलिसी, आणि त्यात गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घ्या. टॅक्स शून्य असला तरी तुमच्या नावाने काढावाच लागतो, जुन्या मालकाचा चालत नाही.

घरी आल्यावर

ऑइल २०-डब्ल्यू-५० भरा, आजचं पातळ ऑइल नको. ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला. पुढच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खांब) एका बाजूला तीन असे सहा ग्रीस निपल आहेत, दर तीन हजार मैलांनी ग्रीस मारायचं, इतकं केलं की ते वर्षानुवर्षं जातात. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालं, त्यात इथेनॉल जास्त, जुने रबरी पाइप त्याने चिरतात, म्हणून सुपर ई-५ भरा आणि पेट्रोलचे पाइप नव्या प्रकारचे घाला. शिशाचं पेट्रोल २००० पासून बंद आहे, आणि जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू नयेत म्हणून ते शिसंच कामी यायचं, म्हणून सिलिंडर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेत का त्याचं बिल फाइलमध्ये शोधा. ॲबिंग्डनलाच एमजी कार क्लब आहे, १९३० पासूनचा, सभासद व्हा, तिथली म्हातारी मंडळी नवशिक्याला हात धरून शिकवतात, मला त्यांनीच कार्बोरेटर ट्यून करायला शिकवला.

आणि मग पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी, गाडी गरम असताना, सिलच्या आत लांब नळीने गंजरोधक मेण मारा, दोन्ही बाजूंनी, पुढून मागून, खालून थेंब गळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सिलखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, मेणाने बुजली असतील तर तिथेच पाणी साठून पुन्हा गंज धरतो.